उपाशी पाणी

१

इसवी सन एकोणीसशे शहाऐंशीचा नोव्हेंबर निम्मा सरला होता, हिवाळा उंबरठ्यापर्यंत येऊन आत शिरावे की नाही या विचारात घुटमळत होता, आणि रुग्णालयातील नवजात बालकांची खोली उन्हाळ्यापासून कुलूपबंद होती.

उन्हाळ्यात त्या खोलीतल्या काचपेट्यांमधील बाळे एकामागून एक तापली. अपुऱ्या दिवसांची, ओंजळीएवढी बाळे ती. पेटीतली ऊब आणि ओलसर हवा एवढाच त्यांचा आधार. ज्या पाण्याने हवा ओलसर ठेवायची, त्या पाण्यातच रोगजंतू निघाले. बाकीची बाळे वाचली, एक गेले. त्यानंतर खोलीची जी झाडाझडती झाली तिला तोड नव्हती. जुन्या पेट्या भंगारात गेल्या, भिंती जंतुनाशकाने पुसून निघाल्या, टाकी कोरडी करून घासली गेली, दिसेल ती नळी बदलली गेली. आत उरला पांढऱ्या फरशांचा एक ओटा, एक नळ, एक खिडकी, आणि खिळे ठोकलेल्या लाकडी खोक्यांतील नव्या काचपेट्या. ते खिळे उपटायचे ते बाईंनी ‘आता हरकत नाही’ म्हटल्यावरच.

बाई म्हणजे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा कोट, केसांचा घट्ट अंबाडा, आणि टेबलावर अशी शिस्त की तिथली पेन्सिल तिरकी करण्याची माशीचीही छाती होत नसे. लग्न केले नाही. भावाच्या घरी मानाने राहत, आणि कामावर येताना घरचा शब्द बाहेर व घरी जाताना कामाचा शब्द आत नेत नसत. निदान तोवर नेत नव्हत्या.

रोज सकाळी त्या बंद खोलीचे कुलूप काढायचे, नळ सोडून काचेची बरणी भरायची, त्यातले थोडे पाणी बारीक गाळणकागदातून गाळायचे, आणि तो कागद मांसरसाचा घट्ट थर दिलेल्या काचबशीवर पसरून बशी उबेच्या कपाटात ठेवायची. जंतू असलेच तर त्या मेजवानीवर तुटून पडतील, वाढतील, आणि बशीवर त्यांचे ठिपके उमटतील, असा हिशेब. बशी रोज कोरी निघे. बाई नोंद करत : ‘स्वच्छ.’ बरणीतले उरलेले पाणी त्या ओट्यावरच दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून देत. याची गरज नव्हती; पण एक बाळ गेले होते, आणि बाईंना पहारा बसवल्यावाचून चैन पडत नव्हते.

शिवाय एक गोष्ट होती. त्यांच्या भावाची, म्हणजे दादांची, धाकटी लेक पहिलटकरीण होती. जन्मली तेव्हा ही मुलगी एवढीशी होती की सगळे तिला चिमटी म्हणू लागले, आणि लग्न होऊन गेली तरी नाव काही सुटले नाही. तिचे बाळही दिवस भरायची वाट पाहणार नाही, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. त्याला काचपेटी लागणार. दुसरे असे रुग्णालय दिवसभराच्या वाटेवर, आणि तसल्या बाळाला दिवसभराची वाट म्हणजे न सांगितलेलेच बरे. तेव्हा खोली उघडावी तर बाईंनी, न उघडावी तर बाईंनी, आणि दोन्हींकडे चिमटीचेच बाळ.

२

त्या सकाळी बाईंनी कालची बरणी रिकामी करायला उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली.

काचेच्या आतल्या अंगाला धूसरपणा आला होता. फार नव्हे, आरशावर कोणी हलकेच श्वास सोडावा आणि तो विरत असताना दिसावा, तेवढाच. बाईंनी रुमालाने बाहेरून पुसले. तो बाहेरचा नव्हता. आणि तो बरणीभर नव्हता. एका बाजूलाच होता, भिंतीच्या बाजूला.

पाण्याला बाजू नसते, असे बाई मनाशी म्हणाल्या. त्यांनी बरणी फिरवली, धूसर अंग खिडकीकडे केले, आणि कुलूप लावून निघून गेल्या.

दुसऱ्या सकाळी खिडकीकडचे अंग लख्ख होते. धूसरपणा पुन्हा भिंतीकडे होता.

खिडकीच्या उजेडाला पाठ करत असेल, म्हणून त्यांनी खिडकीला जाड कागद लावला. वारा असेल, म्हणून बरणीवर झाकण घातले. ओट्याला उतार असेल, म्हणून त्यावर पाऱ्याचा थेंब ठेवून पाहिला. ओटा सपाट होता. तो पातळ पडदा आपला रोज भिंतीकडे. त्या भिंतीपलीकडे होती ओसरीसारखी लांब वाट, आणि भिंतीला टेकून एक लाकडी बाक, ज्यावर तपासणीसाठी आलेल्या गरोदर बायका आपली पाळी येईपर्यंत बसत. माणसांची ऊब म्हणावी, तर भिंत हातभर जाडीची. एवढ्या भिंतीतून ऊब येत असती तर हिवाळ्यात शाली कोणी विकत घेतल्या नसत्या.

शेवटी त्यांनी त्या धूसर अंगाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ठिपके होते. रोगजंतूंच्या मानाने फारच लहान, सुईच्या टोकाने टोचल्यासारखे. आणि सगळे थरथरत होते. पण पाण्यात धूळही थरथरते. पाण्याच्या कणांचे धक्के बसून मेलेला, निर्जीव कणसुद्धा अखंड नाचतो, कधीही थांबत नाही. हे बाई शाळकरी वयात शिकल्या होत्या आणि नव्या मुलींना त्यांनी स्वतः शिकवले होते. थरथर म्हणजे जीव नव्हे.

“धूळ,” बाई मोठ्याने म्हणाल्या. प्रयोगशाळेत दुसरे कोणी नव्हते.

त्या दिवशीची काचबशीही कोरी होती. बाईंनी ‘स्वच्छ’ लिहिले; पण पेनाला टोपण लावायला त्यांना नेहमीपेक्षा अंमळ वेळ लागला.

३

चिमटी माहेरी आली होती. जावई परगावी नोकरीला, तेव्हा तिची सगळी उस्तवार वहिनींकडे. दोन जिवांची आहेस, चार घास जास्त खा, म्हणून वहिनी ताट शिगोशीग भरत आणि चिमटी ते आईच्या भयाने संपवत असे. घटकाभराने सगळे उलटून पडे. पोर वाळत चालली होती.

“वन्सं, तुमच्या त्या जंतूंची चैन असते,” वहिनी भांडी आवरता आवरता म्हणाल्या. “वेळच्या वेळी मांसरस, वर उबेचं कपाट. इथं आम्ही मरमर मरतो आणि लेकीच्या पोटात घास ठरत नाही.”

चिमटी उशीला टेकून पडली होती. तिने विचारले, की आत्या, त्या बंद खोलीत तर काहीच नाही. तिथे कोणी राहिलेच असतील, तर ते खाणार काय?

“काही नाही खात,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर त्यांना मानायचं.”

आणि ज्या बाई घरात कामाचा शब्द आणत नसत, त्या त्या दिवशी पलंगाच्या कडेला बसून बोलत राहिल्या. टंचाई आली, की हे जीव आरडाओरडा करत नाहीत. आधी साठवणीतले मोजून वापरतात. मग वाढणे थांबवतात. मग आक्रसतात, मोठ्या घरात राहणारे कुटुंब वाईट दिवसांत एका खोलीत येते आणि बाकीच्या खोल्यांना कड्या घालते, तसे. दारे-खिडक्या जाड करून घेतात, चूल विझू देत नाहीत पण निखाराही फुलू देत नाहीत. जे मरतात त्यांचे काही वाया जात नाही. मागे राहिलेले त्यांच्यावर दिवस काढतात. आणि एकदा असे आत मिटून बसले, की थंडी, दुष्काळ, औषध, ज्यांनी खाऊनपिऊन माजलेला जंतू घटकेत मरतो, ती सगळी त्यांच्यावरून वाऱ्यासारखी निघून जातात.

“जेवणारा मारणं सोपं असतं,” बाई म्हणाल्या. “उपाशी राहायला शिकलेला मारणं कठीण.”

“अशी काटकसरी सून मिळायला भाग्य लागतं,” वहिनी म्हणाल्या. “मेलेल्या नातलगांना खाते, तेवढी एक खोड सोडली तर.”

चिमटी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मग तिने विचारले, “पण असे किती दिवस राहतात गं आत्या?”

“ज्याची वाट बघतात ते येईपर्यंत.”

“आणि कशाची वाट बघतात?”

चिमटीचा हात तिच्या पोटावर होता. बाईंनी तिचे पांघरूण उगाचच सारखे केले, आणि उठून वाटीभर कोमट पाण्यात किंचित साखर विरघळवून आणली. ताट बाजूला सारून त्यांनी एक चमचा पाणी तिच्या ओठांशी नेले. थांबल्या. मग दुसरा. पुन्हा थांबल्या. वाटी संपायला संध्याकाळ झाली. पण थेंबही उलटला नाही.

वहिनींनी विचारले, की माझ्या हातच्या अन्नाला काय धाड भरली होती?

“उपाशी पोटाला ताट सोसत नाही, वहिनी. चमचा सोसतो.”

हे बोलल्या, आणि बाईंचा चमचा धरलेला हात तसाच अधांतरी राहिला. इतके महिने त्या रोज सकाळी त्या खोलीतल्या पाण्यापुढे शिगोशीग ताटच वाढत आल्या होत्या. कोणी जेवायला आले नाही, म्हणून घरात कोणी नाही, असे लिहीत आल्या होत्या.

४

दुसऱ्या दिवशी बाईंनी वेगळी काचबशी तयार केली. नुसते पाणी थिजवल्यासारखा थर. त्यात पोषण म्हणावे असे नावालाच. ती उबेच्या कपाटात ठेवली नाही, साध्या गार फळीवर ठेवली. निकाल लवकर येणार नव्हता. उपाशी माणूस हाक मारल्याबरोबर उठत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. पाणी गाळून कागद तपासायचा आणि खाली गळलेले पाणी मोरीत ओतायचे, ही प्रयोगशाळेची जुनी रीत; कागदाच्या छिद्रांतून जंतू जात नाही, हे सर्वमान्य. पण उपाशी माणूस रोडावतो, आणि रोडावलेला माणूस दाराच्या फटीतूनही जातो. बाईंनी त्या गळलेल्या, निर्मळ पाण्याचा थेंबही दुसऱ्या एका बशीवर ठेवला.

मग त्या भिंतीकडे वळल्या. मेट्रन, म्हणजे परिचारिकांच्या मुख्य, अंगाने भरलेल्या आणि मनाने मोकळ्या बाई होत्या. त्यांना बाईंनी बाकावर बसायची विनंती केली.

“मला बसवून काय अंडी उबवायचीत, बाई?” मेट्रन म्हणाल्या, पण बसल्या. बाई खोलीत जाऊन बरणीसमोर उभ्या राहिल्या. बरणी ढवळून सारखी केली होती. धूसरपणा तिच्यात सगळीकडे सारखा विरला होता, म्हणजे दिसतच नव्हता. मेट्रन पुष्कळ वेळ बसल्या, दोनदा शिंकल्या, कंटाळून उठून गेल्या. बरणीत काही झाले नाही. बाईंना हायसे वाटले, आणि हायसे वाटले याचा रागही आला. प्रयोगात हायसे वाटायला जागा नसते.

त्या आठवड्यात चिमटीची तपासणी होती.

बाई खोलीत होत्या. ऊन स्वच्छ पडले होते, कागद लावलेल्या खिडकीच्या कडांतून त्याच्या बारीक रेघा ओट्यावर आल्या होत्या. बाहेर चपला फरफटत आल्या. चिमटीची चाल हल्ली अशीच जड झाली होती. बाक करकरला. तिचा कोरडा खोकला भिंतीपलीकडून ऐकू आला, बाकाच्या डाव्या टोकाकडून.

बरणीत काहीतरी जमू लागले.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. काचेच्या आत, भिंतीकडच्या अंगाला, डावीकडे, तो श्वासासारखा पडदा दाटत होता. सावकाश. घाई म्हणून नाही. कोणीतरी आले म्हणून घरातली माणसे एकेक करून दाराशी यावीत, तसा.

बाक पुन्हा करकरला. चिमटीने कोणाला तरी जागा करून दिली असावी. तिचा खोकला आता उजव्या टोकाकडून आला. बाई बरणीकडे पाहत होत्या. पडदा काचेवरून सरकत उजवीकडे गेला.

मेट्रनची हाक आली. चपला फरफटत दूर गेल्या, दार उघडले, मिटले. पडदा थोडा वेळ तसाच थांबला. मग सैल झाला आणि पाण्यात विरून गेला.

पावलांनी भिंत हादरते, भिंतीने ओटा हादरतो, ओट्याने पाणी हलते. हलत्या पाण्यात गाळ एका बाजूला जमणारच. बाईंनी हे कारण स्वतःला नीट समजावून सांगितले. बाईंना ते पटले. तरी त्या दिवशी बरणी पुन्हा ढवळायची त्यांना भीती वाटली.

आणि खरे सांगायचे, तर त्या भीतीच्या तळाशी आणखी काही होते, जे त्यांना भीतीहून अधिक अवघड वाटले. इतके महिने. विष, कोरड, अंधार, आणि खायला काही नाही. तरी कोणी जागा सोडली नाही, कोणी झोपी गेले नाही. एवढी शिस्त बाईंनी आयुष्यात एकाच माणसात पाहिली होती, आणि ते माणूस रोज सकाळी त्यांना आरशात दिसे.

५

डिसेंबर लागला. रुग्णालयाचे अधीक्षक, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, प्रयोगशाळेत आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना खोली उघडायची होती, कारण अपुऱ्या दिवसांची बाळे काही कुलूप पाहून थांबत नाहीत.

“बाई, तुम्ही रोज ‘स्वच्छ’ लिहिता आणि रोज कुलूप लावता. यातलं खरं कोणतं?”

बाईंनी गार फळीवरच्या बशा दाखवल्या. मोठ्या डॉक्टरांनी त्या उजेडात धरून पाहिल्या, कोऱ्या होत्या. यांच्यात अन्नच नाही, तर उगवणार काय, असे त्यांनी विचारले. बाई म्हणाल्या, की थोडे थांबा. धूसर पाण्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्यांना सक्तीची रजा मिळाली असती, आणि स्वतःच्या जागी दुसरे कोणी असते तर तशी रजा बाईंनीच दिली असती.

थांबायला वेळ मिळाला नाही. एका सकाळी चिमटीला कळा सुरू झाल्या, डॉक्टरांनी सांगितले होते त्याहूनही आधी. दादा तिला घेऊन आले, वहिनी मागून धावत आल्या, आणि मोठ्या डॉक्टरांनी बंद खोलीची किल्ली मागितली.

बाईंनी किल्ली दिली नाही.

वहिनी त्या बाकाशी उभ्या होत्या. कपाळावरचे केस विस्कटलेले, आवाज मात्र खाली. “वन्सं, ती तुमच्या मांडीवर वाढलीय. तिच्यासाठी तुमच्याच्यानं एक कुलूप काढवत नाही?”

“तिच्यासाठीच काढत नाही.”

“तुमची शिस्त जिंकेल आणि माझं नातवंड जाईल. मग ती शिस्त काय कडेवर घेऊन फिरणार आहात?”

दादांनी वहिनींना गप्प केले नाही, ही गोष्ट बाईंना पुढे फार दिवस आठवत राहिली. मोठे डॉक्टर म्हणाले, की मी माझ्या अधिकारात कुलूप तोडू शकतो. बाई म्हणाल्या, की तोडा; पण त्या नळाचे पाणी पेटीत ओताल तेव्हा मी तिथे आडवी असेन.

वाट मेट्रननी काढली. पेटी खोक्यात आहे, त्या म्हणाल्या. खोके काही भिंतीला चिकटवलेले नाही. प्रयोगशाळेला लागून धुतलेल्या कपड्यांची खोली होती. तिच्यातले गठ्ठे त्यांनी कामाच्या बायकांना लावून बाहेर फेकले, दोन गड्यांकडून एक खोके उचलवून आणले आणि खिळे उपटवले. पेटीत घालायचे पाणी दुसऱ्या इमारतीतून आणायचे, आणि तेही प्रत्येक वेळी खळखळा उकळून, असे ठरले.

“ते माझ्याकडे,” वहिनी म्हणाल्या. बाईंकडे न पाहता म्हणाल्या. पण उकळलेल्या पाण्याचे पहिले पातेले त्यांनी बाईंच्याच हाती दिले.

दुपारी मुलगी झाली. मुठीएवढी, तांबडी, आणि रडायलाही अंगात बळ नसलेली. तिला काचपेटीत ठेवून झाल्यावर बाई शेजारी प्रयोगशाळेत हात धुवायला आल्या, आणि सवयीने त्यांनी गार फळीवरची बशी उजेडात धरली.

त्या पाण्यासारख्या थरावर ठिपके उगवले होते. सुईने टोचल्याएवढे, एकमेकांपासून अदबीने अंतर राखून बसलेले. गळलेल्या निर्मळ पाण्याच्या बशीवर तर अधिकच.

६

मोठे डॉक्टर ठिपके पाहून खुर्चीवर बसले. त्यांनी एवढेच विचारले, की सगळ्या नळ्या बदलल्या, टाकी घासली, मग हे आहेत कोठे?

बाईंनी नळ दुरुस्त करणारा कारागीर बोलावला आणि खडूने भिंतीवर फुली मारली. बाकाच्या नेमकी मागे.

“इथंच कशावरून?” मोठ्या डॉक्टरांनी विचारले.

“अंदाज,” बाई म्हणाल्या. हा शब्द बाईंच्या तोंडून त्या रुग्णालयात कोणी कधी ऐकला नव्हता.

छिन्नी चार बोटे आत गेली आणि गिलाव्याखाली जुनी नळी लागली. कारागिराने ती मोकळी केली, मागेपुढे चाचपली. “ही कुठंच जात नाही, बाई. पूर्वी पुढं गेली असेल. कोणीतरी मध्येच बूच मारून वर गिलावा केलाय. पण मागून चालू नळीला जोडलेली आहे बघा. पाणी हिच्यात शिरतं आणि बसून राहतं.”

नळी कापून ओट्यावर आणली, उभी चिरली. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, करडे अस्तर होते. कारागीर ते पाहत राहिला, मग त्याने नळी हातात फिरवून भिंतीत होती तशी धरली.

“गाळ खाली बसतो,” तो म्हणाला. “जन्म गेला माझा यात. हा खाली नाही बसलेला.”

अस्तर एका कुशीलाच होते, बाकाकडच्या. दुसरी कूस कोरी, उघड्या धातूची. आणि पापुद्र्याच्या मधोमध, बाकावर बसलेल्या बाईचे पोट येईल तेवढ्या उंचीवर, ते थोडे जाड झाले होते.

बाईंनी नळीचे तुकडे झाकणाच्या डब्यात घालायला सांगितले. कारागिराने डबा देताना लांबूनच दिला, आणि हात धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही.

७

मग वाट पाहणे आले, आणि वाट पाहण्यात बाई आता कोणाला हार जाणार नव्हत्या. भिंत बुजली, नवी नळी उघड्यावरून नेली, पाणी पुन्हा पुन्हा तपासले; भरल्या ताटावर आणि रिकाम्या ताटावरही. बरणी भरून ओट्यावर ठेवली, तेव्हा ती चारी अंगांनी लख्ख राहिली. कपड्यांच्या खोलीत वहिनी पाणी उकळत होत्या, चिमटी उठून बसू लागली होती, आणि मूल थेंबाथेंबाने जगत होते. त्याला ओढून पिण्याचे बळ नव्हते. आईचे दूध काढून ड्रॉपरने एकेक थेंब जिभेवर सोडायचा, थांबायचे, मग पुढचा. हे काम बाईंइतके कोणालाच जमत नसे.

डब्यातले तुकडे तेवढे उरले होते. ज्या दिवशी ते वाफेच्या दाबात घालून कायमचे संपवायचे, त्या दिवशी सकाळी बाईंनी ऑटोक्लेव्हचे जड झाकण उघडून ठेवले, पाणी तापत ठेवले, आणि शेवटचे एकदा त्या पापुद्र्याचा कण थेंबात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. याला कारण काही नव्हते. ज्याच्याशी इतके दिवस बुद्धिबळ खेळावे, त्याचे तोंड उठण्यापूर्वी पाहावेसे वाटते.

ठिपके थरथरत होते. मेलेली धूळ थरथरते तसेच. काही वेगळे नव्हते. बाई पाहत राहिल्या. किती थोडक्यात संसार होता एकेकाचा.

शेजारच्या खोलीत मूल रडले. आजवर ते नुसते कण्हत असे. हे रडणे पहिलेच, बारीक पण खणखणीत, भुकेचे.

ठिपके थांबले.

एखाददुसरा नव्हे. त्या उजळ वर्तुळातले सगळे, कडेपर्यंत. जी थरथर निर्जीव कणालासुद्धा चुकवता येत नाही, ती थांबली. धक्का देणारे पाणी तेच होते, उजेड तोच होता. पण धक्का सोसूनही जागचे न हलण्यासाठी जीव एकवटावा लागतो, श्वास रोखावा लागतो, आणि तो कोणी तरी ऐकत असतानाच रोखतो.

मूल रडायचे थांबले. मग, सावकाश, एका कडेपासून, थरथर पुन्हा सुरू झाली.

बाईंनी डोळा उचलला. त्यांनी काचपट्टी चिमट्याने उचलली, डब्यासकट भांड्यात ठेवली, झाकण बसवून मळसूत्रे आवळली. काटा चढू लागला. जिभेवर एक शब्द आला होता. तो त्यांनी गिळला. शत्रूला तो शब्द द्यायचा नसतो, असे त्यांच्यावर संस्कार होते.

वाफ सुटून भांडे गार झाल्यावर मोठे डॉक्टर आले. खोली उघडायची होती. बाईंनी लिहून द्यायचे होते. बाईंनी लिहिले : ‘आज काही उगवले नाही.’

“एवढा खटाटोप केलात, बाई, आणि एवढंच? ‘स्वच्छ’ लिहा की.”

“पाहिलं तेवढं लिहिलं,” बाई म्हणाल्या, आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

मग त्या कपड्यांच्या खोलीत गेल्या. वहिनींनी दूध वाटीत काढून ठेवले होते. त्यांनी खुर्ची पुढे सारली आणि म्हणाल्या, की वन्सं, तुमच्याच हातून घेते ती, लबाड आहे. चिमटी भिंतीला टेकून झोपली होती. काचेपलीकडे मूल पडले होते आणि त्याचे हात, पाय, हनुवटी, सगळे बारीक थरथरत होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे असे होतेच; त्यात भिण्यासारखे काही नसते, असे बाई इतर आयांना नेहमी सांगत.

ड्रॉपर वाटीला लागून किणकिणला.

बाळाची थरथर थांबली. बोटे, पावले, ओठ, पापण्या, सगळे एकदम. डोळे मिटलेलेच होते. पण ते सगळे इवलेसे अंग बाईंच्या बाजूला कान देऊन निश्चल झाले होते.

बाई ड्रॉपर हातात धरून उभ्या राहिल्या. वहिनींनी विचारले, की काय झाले. त्यांनी मानेनेच काही नाही म्हटले. मग काचेच्या गोल झरोक्यातून हात आत घातला, आणि त्या वाट पाहणाऱ्या जिभेवर एक थेंब सोडला.

“शाबास,” बाई म्हणाल्या.

तो दिवस सन एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या जानेवारीची सतरा तारीख, शनिवार. त्या दिवशी खोली उघडली आणि प्रकरण मिटले.